बोलले तेवढेच ऐका

नळ खोकला.

भर दुपारी घर निपचित पडलेलं असताना मोरीतल्या नळाने आधी घसा खाकरला, मग फुस्स केलं आणि गप्प झाला. ताहिराची पेन्सिल हवेतच थांबली. पनवेलच्या त्या मोहल्ल्यात नळ खोकला की बायका हातातलं टाकून धावतात, कारण पाणी कुणासाठी थांबत नाही. आणि समोर टीव्हीवर लावलेल्या परीक्षेच्या सीडीतून, कोऱ्या निळ्या पडद्यामागून एक गोरी बाई शांतपणे बजावत होती, की संभाषण एकदाच ऐकवलं जाईल. तीही थांबणाऱ्यांतली नव्हती.

ताहिरा पाण्याकडे धावली. कळशी लावून, पदराला हात पुसत परत येईपर्यंत त्या बाईच्या ऑफिसात कुणीतरी कुणाची तरी भेट ठरवून, ती रद्द करून, वर माफी मागूनही मोकळं झालं होतं.

"अम्मी, एक प्रश्न गेला," पडद्याजवळ मांडी घालून बसलेली पाच वर्षांची हिबा म्हणाली. "पण मी गोल काळा केला. सी."

"सीच का गं?"

"सी बिचारा कधीपासून आलाच नव्हता."

ताहिराने मागच्या पानावर उत्तर पाहिलं. सी बरोबर होता. तिने मुलीचा पापा घेतला आणि मनात म्हटलं, परीक्षेला हीच बसली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

परीक्षेचं असं झालं होतं. ताहिराचा नवरा झुबेर दोहाला एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचा. त्याच हॉटेलात, पाहुण्यांचे कपडे धुवायला घेऊन बिलं करायच्या काउंटरवर बायका घेणार होते. अट एवढीच, की इंग्रजी ऐकून समजतं आणि वाचून समजतं याची परीक्षा पास झालेली हवी. बोलायचं नाही, लिहायचं नाही. ऐकायचं, वाचायचं आणि चारांतला एक गोल काळा करायचा.

"ऐकायचं, समजून घ्यायचं आणि तोंड उघडायचं नाही?" ताहिराची सासू हलिमाबी म्हणाली होती. "ही नोकरी नव्हे पोरी, सून करून घेतायत तुला परत एकदा."

पण ताहिरा त्या परीक्षेच्या मागे लागली ती नोकरीपायी नव्हे. गेल्या ईदला झुबेर रजेवर आला होता, तेव्हा गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला उभं राहून तो म्हणाला होता, "तू पास हो, ताहिरा. मग आपण तिघं एका घरात." तिघं. तिने तो शब्द गाठीला बांधून ठेवला होता. हिबाला बाप म्हणजे शुक्रवारी दुपारी फोनमधून येणारा आवाज. एकदा बालवाडीत बाईंनी घरातल्या माणसांची चित्रं काढायला सांगितली, तर हिने अम्मी काढली, दादी काढली आणि अब्बू म्हणून टेबलावरचा मोबाइल काढला. मोबाइलला मिशा मात्र आठवणीने काढल्या होत्या.

वाचनाचं ताहिराला भय नव्हतं. बी.ए. होती ती. भात शिजेपर्यंत ती दोन उतारे उरकायची. त्या उताऱ्यांतली माणसं मोठी मजेची असत. नोकरीवरून काढलं तरी ‘आम्हांला कळवण्यास आनंद होतो’ असं लिहीत. घोडं अडलं होतं ते ऐकण्यात. शब्द कळत नव्हते म्हणून नाही. तिला फार कळत होतं, म्हणून.

आता हे घराण्याचं देणं होतं. घरातली एक पिढी आखाती देशांत आणि बाकीच्या पनवेलमध्ये. मधे समुद्र आणि टेलिफोन. या घरात वाईट बातमी फोनवर सांगायची पद्धत नव्हती, आणि नाही म्हणायची तर त्याहून नव्हती. सासरे वारले तेव्हा झुबेरला कळवलं होतं ते एवढंच, की ‘अब्बांची तबियत जरा नरम आहे, जमलं तर ये.’ तो दुसऱ्या दिवशी दारात उभा होता, कफनाला अत्तर घेऊन. कुणी ‘ईदला इन्शाअल्लाह बघू’ म्हणालं की त्याच्या नावची ताटली कमी करायची. आणि झुबेरची पहिली नोकरी सुटली होती, तेव्हा तो इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला होता, "बाकी खैरियत, अम्मा. इथे सध्या गर्मी फार आहे." मे महिना होता, तिकडे गर्मी असणारच. पण हलिमाबीने फोन ठेवला आणि भिंतींना रंग द्यायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. महिन्याभराने झुबेर बॅग घेऊन उतरला, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. अर्धा हॉल गुलाबी आणि अर्धा पिवळा, तो अजून तसाच होता.

असा कान घेऊन ताहिरा परीक्षेला बसणार होती. सीडीतला माणूस म्हणे, "प्रिंटर बंद पडलाय." बाई म्हणे, "जेवण झालं की मी मेकॅनिकला फोन करते." प्रश्न असा, की जेवणानंतर बाई काय करील? ताहिराने निःशंक मनाने खूण केली, की काम दुसऱ्याच्या गळ्यात घालील. जी बाई ‘जेवण झालं की करते’ म्हणते, ती करते का कधी?

"मुळीच नाही," पलंगावर सुपारी कातरत बसलेली हलिमाबी म्हणाली. तिला इंग्रजीचा गंध नव्हता, पण ती प्रत्येक संभाषण नीट कान देऊन ऐकायची. "आणि तो बाप्या आहे ना, तो काहीतरी लपवतोय. गळ्यातून बोलतोय बघ."

"अम्मा, तो प्रिंटरबद्दल बोलतोय."

"प्रिंटर नुसता वर आहे, आत भलतंच आहे."

दुसऱ्या एका संभाषणात हॉटेलचा पोहण्याचा तलाव डागडुजीसाठी बंद होता. सासूसुनेचं एकमत झालं की कुणीतरी बुडालेलं असणार, एरवी एवढ्या नम्रपणे कोण बोलतो? बुडालेल्या माणसाचा गोल चारांत कुठेच नव्हता. त्या दिवशी ताहिराचे निम्म्याहून जास्त प्रश्न चुकले.

खांदा कॉलनीत, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर चारुदत्त सरांचा क्लास होता. सर सज्जन होते. क्लासातला पंखा बंद होता आणि सर दर वेळी सांगत, "माणसाला सांगितलंय, येईलच." त्यामुळे सगळी मुलं वहीने वारा घेत इंग्रजी ऐकत. सरांनी ताहिराचा पेपर डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताहिराताई, एक विचारू? ही सीडीतली माणसं तुमच्या नात्यातली आहेत का?"

"नाही, सर."

"मग तुम्ही त्यांच्या मनात कशाला शिरता? ती बोलतात तेवढंच त्यांच्या मनात असतं. बाई म्हणाली फोन करते, तर ती फोन करते. तुम्ही न बोललेलं ऐकता आणि बोललेलं सोडून देता. बोलले तेवढेच ऐका."

"पण सर, असं कुणी बोलतं का?"

"परीक्षेत बोलतात," सर म्हणाले. "करत राहा. छानच होईल तुमचं."

ताहिरा जिना उतरताना रडवेली झाली. छानच होईल म्हणाले, म्हणजे काही खरं नाही.

तिच्याबरोबर उतरणारी माधुरी खदखदून हसली. माधुरी विचुंब्याची, जहाजावरच्या नोकरीसाठी हीच परीक्षा देत होती आणि तिचे मार्क नेहमी ताहिराच्या वर. "बाय गं, तू उगाच खोल जातेस. पानी घोट्याएवरा हाय न तू बुडी मारतेस. त्यांना कय पोटात ठेवाची सवयच नाय. आमच्या आयशीसारखी मानसा हायत ती. तोंडान आयला का बोलून मोकली."

त्या एका वाक्यात ताहिराला सरांच्या महिन्याभराच्या शिकवणीहून जास्त समजलं. तिने ठरवलं, आता दिवसभर, घरीदारी, बोललं जाईल तेवढंच ऐकायचं. सवयच लावून घ्यायची.

पहिला प्रयोग शेजारच्या रंभाकाकूंवर झाला. ताहिरा त्यांचा डबा परत द्यायला गेली होती. निघताना काकू दाराशी येऊन म्हणाल्या, "आता आलीच आहेस तर जेवूनच जा." प्रश्न: काकूंची काय इच्छा आहे? उत्तर: ताहिराने जेवावं. ताहिरा आत गेली आणि पाटावर बसली. काकूंच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की ते कुठल्याच गोलात बसलं नसतं. त्यांनी भात वाढला, आमटी वाढली. मग आतून, त्या स्वतः शिळी पोळी चहात बुडवून खात असल्याचा आवाज आला. तोही ताहिराने ऐकला नाही. बोललेल्यात तो नव्हता.

दुसरा प्रयोग घरातच. हलिमाबी म्हणाली, "डोळ्यांना जरा अंधुक दिसतं, पण मला काही नवा चष्माबिष्मा नको." ताहिरा म्हणाली, "बरं, अम्मा." हलिमाबी दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही. आणि का बोलत नाही तेही बोलली नाही. मग एके सकाळी म्हणाली, "तुझ्या खोलीत डास फार झालेत. हिबाची गादी माझ्या पलंगाशी टाकते." ताहिरा बाजारातून डासांच्या उदबत्तीचा पुडा घेऊन आली. हलिमाबीने तो कपाटावर ठेवला आणि गादी हलवली ती हलवलीच.

घरात हे असं. क्लासात मात्र ताहिराचे मार्क झपाझप चढले. बाई फोन करते म्हणाली की करत होती. तलाव दुरुस्तीला बंद म्हणजे दुरुस्तीला बंद. जगात एवढं सरळ राहता येतं, याचं तिला नवल वाटे. कधीकधी दुपारी घर झोपलेलं असताना ती सरावाची गरज नसली तरी एखादं संभाषण परत लावून ऐकायची. एक माणूस बायकोला विचारायचा, स्टेशनवर न्यायला येऊ का? बायको म्हणायची, हो, ये. बस्स. तेवढंच. ताहिराच्या डोळ्यांत उगीच पाणी यायचं.

हिबाला तर सगळी सीडी पाठ झाली होती. अर्थ नव्हे, चाल. ती जेवताना एकदम तो थंड आवाज काढून विचारायची, "माणसाला काय हवंय? ए, मासा. बी, वरण. सी, काहीच नाही." दादी म्हणायची, "बी." हिबा म्हणायची, "चूक. माणसाला मासा हवाय." आणि तिच्या पानात मासा पडायचा. एक प्रश्न तिला फार आवडायचा, कारण तो दर दोनचार संभाषणांमागे येई, आणि अम्मीने तो तिला मराठीत सांगितला होता: बाई यानंतर बहुधा काय करील? बाहुली झोपवतानाही ती विचारी, "बाई यानंतर बहुधा काय करील?" बहुधा हा शब्द बालवाडीतल्या कुणालाच येत नव्हता, त्यामुळे तिचा तिथे मोठा रुबाब होता.

परीक्षा डिसेंबरात, शनिवारी, वाशीला. आदल्या दिवशीचा शुक्रवार. नमाज झाल्यावर हलिमाबी ओट्याशी कोलंबी सोलत बसली होती. ताहिरा सीडी बंद करून पेन्सिलींना टोक काढत होती आणि हिबा त्या सालींची फुलं गोळा करत होती. फोन वाजला. हिबाने धावत जाऊन स्पीकर लावला.

"अस्सलामु अलैकुम, अम्मा. स्वेटर पोचलं."

"वालेकुम सलाम. दिलं ना तौसीफने?" तौसीफ जवळच्या कोन गावचा, रजेवरून परत जाताना त्याच्याबरोबर हलिमाबीने स्वेटर धाडलं होतं. "मापाला बसलं?"

"एकदम. बरं झालं पाठवलंस, सकाळी ड्यूटीला जाताना दात वाजतात इथे."

"अब्बू, मी सी केला आणि तो बरोबर आला!" हिबा फोनच्या अगदी तोंडात ओरडली.

"शाबास, माझी राणी. आणि अम्मीचं काय? तयारी झाली?"

"झाली," ताहिरा म्हणाली. मग, कुणास ठाऊक कसं, कदाचित त्या स्टेशनवर न्यायला येऊ का विचारणाऱ्या माणसामुळे असेल, तिने सरळ विचारलं, "हिबाचा व्हिसा माझ्याबरोबरच निघणार ना?"

या घरात टेलिफोन आल्यापासून असा सवाल फोनवर कुणी केला नव्हता. हलिमाबीच्या हातातली कोलंबी अर्धी सोललेली राहिली.

"अगं, तू आधी परीक्षा तर दे," झुबेर हसत म्हणाला.

"देणारच आहे. मी व्हिसाचं विचारतेय."

"हॉटेलवाले खोली देतात. चांगली आहे, एसी आहे. दोघांना आरामात पुरते."

"आणि हिबा?"

"हिबाचं बघतोय ना मी. शाळाबिळा बघावी लागेल. आणि लहान मुलांचं इथे..." तो थांबला. मागे कुठेतरी लिफ्टचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. "तुला सांगायचं म्हणजे, इथे सध्या गर्मी फार आहे."

ताहिराने टोकयंत्र खाली ठेवलं.

"बाकी खैरियत," झुबेर म्हणाला. "उद्या डोकं शांत ठेव. तू पास होणारच. दुवा कर, अम्मा." आणि फोन बंद झाला.

ताहिरा हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिली. तिने शिकल्याप्रमाणे करून पाहिलं. प्रश्न: माणूस मुलीला का आणत नाही? उत्तर: हवामानामुळे. सरांनी याला पूर्ण मार्क दिले असते. माणूस तसं बोलला होता, स्वच्छ बोलला होता, आणि बोलले तेवढेच ऐकायचं होतं. तिला हसू यायला लागलं आणि ते वेळेवर आवरलं नसतं तर भलतंच काही झालं असतं.

"डिसेंबरात, अम्मा," ती म्हणाली. "स्वेटर घालून."

हलिमाबीने ती अर्धी कोलंबी सोलून पूर्ण केली. "तुझ्या सरांनी काय शिकवलंय?" ती खाली बघतच म्हणाली. "बोलला तेवढंच ऐक."

ताहिराने सासूकडे पाहिलं. जिला प्रिंटरच्या आतलं दिसत होतं, ती म्हातारी आज एकाएकी बोललेल्यावर समाधान मानत होती. आणि मग ताहिराला ते सगळं एकदम ऐकू आलं, जे महिनाभर तिने पास होण्याच्या नादात सोडून दिलं होतं. पलंगाशी हलवलेली गादी. कपाटावर पडलेला उदबत्तीचा न फोडलेला पुडा. डास कुठे होते? म्हातारीला आधीच समजलं होतं. आणि नको असलेला तो चष्मा. दिसत नसलेल्या बाईकडे नात ठेवतील का, ही धास्ती त्यात होती, की दिसत नसताना एकटं कसं राहू, ही? ताहिराला आता ठरवता येईना. दोन्ही ऐकू येत होतं.

"अम्मा, तुम्हांला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मला इंग्रजी येतं का?" हलिमाबीने हात धुतले, ओल्या हातांनीच हिबाला जवळ ओढून तिची सुटलेली वेणी परत घालायला घेतली. "जाऊन ये उद्या. परीक्षा दे. पास व्हायला काय हरकत आहे? पुढचं पुढे बघू. इन्शाअल्लाह."

ताहिरा जमिनीवर बसली. उद्या ती गेली आणि शिकल्यासारखी वागली, तर पास होणार होती. आता तिला ते येत होतं. महिन्यापूर्वी सहज नापास झाली असती आणि कुणी तिला दोष दिला नसता. तिघं, तो म्हणाला होता. तेव्हा चादरींच्या आडोशाला त्याचा आवाज कसा होता, गळ्यातून होता का, हे ती आठवू लागली, आणि आठवेना. तेव्हा तिने फक्त शब्द ऐकला होता.

वेणी झाल्याबरोबर हिबा सुटली. तिने टोक काढलेली एक पेन्सिल उचलून आईच्या हातात दिली, टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली आणि पाठीमागे हात बांधून तो थंड, शांत आवाज लावला.

"बाई यानंतर बहुधा काय करील?" तिने कोलंबीची चार सालं जमिनीवर ओळीने मांडली. "ए, परीक्षेला जाईल. बी, अब्बूंकडे जाईल. सी, दादीकडे राहील. डी..." तिला डी लवकर सुचला नाही. "डी, हिबाकडे."

हलिमाबी पाठ फिरवून नळ बंद आहे की नाही ते बघू लागली. तो बंदच होता.

"कर ना, अम्मी. लवकर. ती परत सांगत नाही."

ताहिराने पेन्सिल पुढे केली आणि ती एकाही सालाला टेकेना.

हिबाने आईकडे पाहिलं, सालांकडे पाहिलं. मग तो गोऱ्या बाईचा आवाज गेला आणि तिचा स्वतःचा, लहान आवाज आला.

"अम्मी, एकाहून जास्त गोल काळे केले तर चालतं का?"